बिंदूसमोर बिंदू : दृष्टिपटलातल्या एका सिनॅप्सच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी

प्राण्यांवरच्या कामाची परवानगी हातात आली. आजपासून ही वही.

प्रश्न आधीच लिहून ठेवते, म्हणजे भरकटले तर परत येता येईल. उंदराच्या डोळ्यात रॉड पेशी आणि रॉड-बायपोलर पेशी यांच्यातला सिनॅप्स, म्हणजे एका पेशीने दुसरीला निरोप देण्याची जागा, जन्मानंतर कोणत्या क्रमाने तयार होतो, आणि तो ‘झाला’ असं नेमकं कधी म्हणायचं?

हीच जोडणी का निवडली? दृष्टिपटलाचा उभा छेद घेतला की पेशींच्या तीन ओळी दिसतात आणि त्यांच्यामध्ये दोन जाळीदार थर. बाहेरच्या ओळीत प्रकाश टिपणाऱ्या पेशी : अंधूक उजेडासाठी रॉड, दिवसाच्या उजेडासाठी आणि रंगांसाठी कोन. मधल्या ओळीत निरोप पुढे नेणाऱ्या बायपोलर आणि आडव्या जोडण्या करणाऱ्या होरिझाँटल व अमाक्राइन. आतल्या ओळीत मुख्यतः गँग्लिऑन पेशी, ज्यांचे तंतू एकत्र येऊन दृष्टिचेता बनते आणि मेंदूकडे जाते. सिनॅप्स जवळजवळ सगळे त्या दोन जाळीदार थरांतच. सांतियागो रामोन इ काहाल यांनी गोल्जीच्या रंगपद्धतीने ही मांडणी १८९३ मध्येच कागदावर उतरवली. त्यांची ती चित्रं आजही समोर ठेवून काम करता येतं, इतकी ती अचूक आहेत.

उंदराच्या एका दृष्टिपटलात सुमारे ६४ लाख रॉड असतात आणि कोन पावणेदोन लाखांच्या आसपास. म्हणजे शंभरातल्या ९७ पेशी रॉड. प्रत्येक रॉडच्या टोकाच्या फुगीर भागात बहुधा एकच रिबन असते. रिबन म्हणजे सिनॅप्सपाशी उभी असलेली प्रथिनांची पट्टी. तिच्या अंगाला ग्लुटामेट या निरोप नेणाऱ्या रसायनाने भरलेल्या पुटिका, म्हणजे बारीक पिशव्या, चिकटून रांगेत थांबलेल्या असतात. एक रॉड, एक रिबन, एक सिनॅप्स. मोजायला इतकी सोपी जागा मेंदूत क्वचितच मिळेल.

६ जानेवारी

पहाटे पिल्लं झाली. सात. आजचा दिवस शून्य धरायचा.

मिटलेल्या पापण्यांआड आज काय तयार आहे आणि काय नाही, हे माझ्या मार्गदर्शक मॅडमशी बोलताना स्पष्ट झालं. गँग्लिऑन पेशी सगळ्यांत आधी जन्मतात, त्यांचे तंतू पिल्लाच्या जन्मापूर्वीच मेंदूपर्यंत पोचलेले असतात. होरिझाँटल, कोन आणि बऱ्याच अमाक्राइन पेशीही आधीच्या. रॉड आणि बायपोलर मात्र अजून जन्मतच आहेत. म्हणजे निरोप मेंदूकडे नेणारी वाट आधी बांधून झालेली असते आणि निरोप जिथे सुरू व्हायचा ते टोक शेवटी येतं. मी इतकी वर्षं प्रकाशाच्या मार्गानेच, बाहेरून आत, हा विषय शिकले. बांधकाम तर उलट्या दिशेने चालतं.

८ जानेवारी

प्रौढ उंदराच्या छेदांवर अँटिबॉड्या (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते चमकवणारे रेणू) तपासल्या. रिबनसाठी सीटीबीपी२, बायपोलरच्या टोकावर ग्लुटामेट धरणाऱ्या रिसेप्टरसाठी एमग्लुआर६, रॉड-बायपोलर ओळखायला पीकेसी-अल्फा, होरिझाँटलसाठी कॅलबिंडिन.

सीटीबीपी२ उत्तम. बाहेरच्या जाळीदार थरात घोड्याच्या नालासारख्या छोट्या कमानी, एकेका रॉडची एकेक. केंद्रकंही रंगली, ते अपेक्षितच. रिबनमधल्या रिबाय या मुख्य प्रथिनाचा एक भाग आणि केंद्रकातलं सीटीबीपी२ हे जवळजवळ सारखेच असतात, त्यामुळे अँटिबॉडीला दोन्ही एकच वाटतात. मोजताना केंद्रकांचे थर वगळायचे.

पीएसडी-९५ ही लावून पाहिलं. मेंदूच्या इतर भागांत हे प्रथिन सिनॅप्सच्या घेणाऱ्या बाजूचं. इथे मात्र ते रॉडच्या टोकात, म्हणजे देणाऱ्या बाजूला चमकतं. नवीन विद्यार्थ्यांना हे आधीच सांगायला हवं, नाहीतर चित्र उलटं वाचलं जाईल.

११ जानेवारी (दिवस ५)

दोन डोळे. क्रायोस्टॅटवर (गोठवून पातळ काप घेणारं यंत्र) १६ मायक्रॉनचे छेद.

बाहेरचा जाळीदार थर म्हणजे अजून एक बारीकशी फट. कॅलबिंडिनने होरिझाँटल पेशी मात्र छान दिसल्या. त्या आपल्या जागी आडव्या पसरून बसल्या आहेत. पीकेसी-अल्फा जवळजवळ नाहीच. सीटीबीपी२ चे कण आहेत, पण गोल. कमान कुठेच नाही. या वयात रिबनचे घटक रॉडमध्ये गोळ्यांच्या रूपात सुटे असतात, अजून पेशीच्या पडद्याला टेकलेले नसतात. बसून, टेकून, चपटं होत त्यांची पट्टी पुढे बनते.

या थरात आधी कोन आणि होरिझाँटल यांची भेट होते, मग रॉडमध्ये होरिझाँटलचे तंतू शिरतात आणि शेवटी बायपोलरची टोकं. रॉडच्या टोकाला खोबण असते. दोन बाजूंना होरिझाँटलचे फाटे आणि मधे बायपोलर, सगळे त्या खोबणीत आत घुसलेले. आज खोबण नाही, पाहुणेही नाहीत.

१४ जानेवारी (दिवस ८)

होरिझाँटलचे फाटे वर सरकू लागलेत. गोलांमध्ये थोडे लांबट कण. एवढंच.

पण आज शेजारच्या टेबलावर जे पाहिलं ते लिहायलाच हवं. त्याच वयाच्या पिल्लाचं दृष्टिपटल ताटलीत पसरून, कॅल्शियमने उजळणारा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं होतं. उजेडाचा काहीही संबंध नसताना एका कोपऱ्यातून चमक उठली आणि पाण्यावर तरंग जावा तशी पेशीपेशीतून सरकत गेली. मग शांतता. मिनिटा-दोन मिनिटांनी दुसरीकडून पुन्हा. मी उभ्या उभ्या अर्धा तास बघत राहिले.

याच त्या ‘दृष्टिपटलाच्या लहरी’. मिटलेल्या, गर्भातल्या डोळ्याच्या गँग्लिऑन पेशी आपणहून धडधडतात हे गाल्ली आणि माफेई यांनी १९८८ मध्ये रॅटच्या गर्भांत दाखवलं; ती धडधड लहरींच्या रूपात सरकते हे १९९१ मध्ये माइस्टर, वाँग, बेलर आणि शाट्झ यांनी फेरेटच्या दृष्टिपटलावर अनेक इलेक्ट्रोड लावून दाखवलं. लहरींच्या तीन पिढ्या असतात. जन्माआधीच्या लहरी मुख्यतः पेशींमधल्या थेट विद्युत जोडांवर चालतात. जन्मानंतर साधारण दहा दिवस त्या स्टारबर्स्ट अमाक्राइन पेशींच्या ॲसिटिलकोलीन या रसायनावर चालतात. त्यानंतर डोळे उघडेपर्यंत बायपोलरच्या ग्लुटामेटवर. म्हणजे माझ्या बायपोलर पेशी प्रकाशाचा एकही निरोप पोचवण्याआधी लहरींच्या कामाला लागलेल्या असतात. शेजारी असलेल्या पेशी एकाच वेळी पेटतात, आणि मेंदूत पोचलेल्या तंतूंना त्यावरूनच कोण कोणाच्या शेजारचं ते कळतं. नकाशाची ढोबळ आखणी रासायनिक खुणांनी होते, पण त्याच्या रेषा बारीक करायला या लहरी लागतात.

१५ जानेवारी

क्रायोस्टॅट बंद. दिवस वाचनात.

आतल्या जाळीदार थराचं थोडं टिपून ठेवते, जरी माझं काम बाहेरच्या थरात असलं तरी. तिथे निवडीचा प्रश्न फारच बिकट. उंदरात बायपोलरचे सुमारे १५ प्रकार, गँग्लिऑनचे ४० हून अधिक, अमाक्राइनचे साठेक. आणि ही सगळी गर्दी काही दशांश मिलिमीटरचीही जाडी नसलेल्या थरात आपापला जोडीदार शोधते. पहिली युक्ती म्हणजे मजले पाडणं. उजेड वाढला की जाग्या होणाऱ्या पेशी आतल्या मजल्यांवर, उजेड कमी झाला की जाग्या होणाऱ्या बाहेरच्या मजल्यांवर. कोणी कोणत्या मजल्यावर थांबायचं हे ठरवायला सेमाफोरिन आणि प्लेक्झिन यांच्यासारख्या दूर लोटणाऱ्या प्रथिनांच्या जोड्या आहेत, तर कोंबडीच्या दृष्टिपटलात साइडकिक आणि डीस्कॅम कुळातली प्रथिनं सारख्याला सारखं चिकटवतात.

पण मजला एकच असला म्हणून जोडणी होतेच असं नाही, हे मला जास्त भावलं. ठरावीक दिशेनेच काही सरकलं तर पेटणाऱ्या गँग्लिऑन पेशी बार्लो आणि लेव्हिक यांनी सशात १९६० च्या दशकात अभ्यासल्या. त्यामागची तारजोडणी ब्रिगमन, हेल्मस्टेटर आणि डेंक यांनी २०११ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हजारो छेद जोडून मोजली. स्टारबर्स्ट पेशीच्या फांद्या सगळ्या दिशांना पसरतात, गँग्लिऑनच्या फांद्यांना सगळीकडे भिडतात. पण सिनॅप्स बहुतांशी फक्त एका दिशेला रोखलेल्या फांद्यांवरच होतात. स्पर्श सगळ्यांशी, नातं काहींशीच. माझ्या मोजणीसाठी ही धोक्याची सूचना आहे. दोन गोष्टी जवळ दिसल्या म्हणजे जोडल्या गेल्या असं मानता येणार नाही.

१७ जानेवारी (दिवस ११)

आजचा दिवस मोठा.

कमानी दिसल्या! सगळीकडे नाहीत, दृष्टिपटलाच्या मध्यभागी जास्त, कडेला कमी. वाढ मधून कडेकडे जाते ते इथे एकाच छेदात दिसतं. पीकेसी-अल्फाने रॉड-बायपोलर स्पष्ट झाल्या, त्यांच्या फांद्यांची टोकं वर रॉडच्या रांगेकडे गेलेली. आणि एमग्लुआर६. हा रिसेप्टर लहान वयात पेशीच्या अंगावर, फांद्यांवर पसरलेला असतो आणि मग टोकावर गोळा होत जातो. आज एकाच चित्रात दोन्ही अवस्था सापडल्या : मध्यभागी टोकांवर टपोरे बिंदू, कडेला पेशीभर पसरलेलं धुकं.

रिसेप्टरला ‘टोकावर ये’ हे सांगतं कोण? उत्तराचा बराच भाग समोरच्या पेशीत आहे. रॉडच्या टोकातून एल्फन१ हे प्रथिन फटीपलीकडे हात पुढे करतं आणि थेट एमग्लुआर६ ला धरतं. २०१५ मध्ये दाखवलं गेलं की ते नसेल तर रॉड आणि बायपोलर एकमेकांशेजारी असूनही सिनॅप्स बनत नाही. दुसरं पिकाचुरिन, २००८ मध्ये जपानमध्ये सापडलेलं. रॉडच्या पडद्यातल्या डिस्ट्रोग्लायकनला ते बांधलं जातं. ते नसलेल्या उंदरात बायपोलरचं टोक रिबनसमोर नीट येऊन बसत नाही. आणि बासून हे प्रथिन रिबनला पडद्यापाशी नांगरून ठेवतं. ते नसेल तर रिबन तरंगत राहते. देणारी बाजू घेणाऱ्या बाजूला घडवते, हे वाचून माहीत होतं, पण धुक्याचा बिंदू होताना पाहिल्यावर ते मनात बसलं.

२० जानेवारी (दिवस १४)

पिल्लांचे डोळे उघडलेत. काही काल, काही आज.

छेद तयार केले आणि एमग्लुआर६ गायब! दिवस ११ ला होता, १४ ला नाही? संध्याकाळपर्यंत डोक्यात दोन गृहीतकं तयार झाली होती. उद्या आधी नोंदवही तपासायची.

२१ जानेवारी

कारण सापडलं. कालचे डोळे मी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये (पेशी आहेत तशा टिकवणारं, म्हणजे ‘फिक्स’ करणारं द्रावण) रात्रभर ठेवले होते. आधीचे सगळे अर्ध्या तासात काढले होते. जास्त वेळ फिक्स केलं की या अँटिबॉडीला पकडायला जागाच उरत नाही. त्याच पिल्लांच्या भावंडाचा डोळा २० मिनिटं फिक्स केला, आणि बिंदू परत आले, दिवस ११ पेक्षा कितीतरी दाट. यापुढे प्रत्येक स्लाइडवर फिक्स केल्याची मिनिटं लिहायची.

२३ जानेवारी

मोजणी सुरू केली आणि लगेच थांबवली.

मी सीटीबीपी२ चा कण आणि एमग्लुआर६ चा बिंदू ठरावीक अंतरात असले की ‘जोडी’ धरत होते. पण दाट थरात हे दोन बिंदू योगायोगानेही जवळ येणारच. १५ तारखेची सूचना मीच लिहिली आणि मीच विसरले. मॅडमनी सुचवलं की एक रंग ९० अंश फिरवून पुन्हा मोज, जेवढ्या जोड्या उरतील तेवढा योगायोग. पण माझे छेद उभे आहेत, थर अरुंद पट्ट्यासारखा आहे. ९० अंश फिरवला तर पट्टा पट्ट्यावर पडणारच नाही आणि योगायोग खोटा कमी दिसेल. म्हणून फिरवण्याऐवजी एका रंगाचं चित्र डावं-उजवं आरशासारखं उलटवलं. पट्टा त्याच उंचीवर राहतो, फक्त शेजार बदलतो. मॅडमना पटलं.

दिवस ८ च्या ‘जोड्या’ उलटवलेल्या चित्रातही जवळपास तेवढ्याच निघाल्या, म्हणजे त्या जोड्या नव्हत्याच. दिवस ११ ला मध्यभागात खऱ्या जोड्या योगायोगापेक्षा स्पष्ट जास्त, कडेला संमिश्र. दिवस १४ ला शंकाच नाही. यातून जी उतरंड दिसते तिच्यावर मी आता विसंबू शकते.

२७ जानेवारी (दिवस २१)

ईआरजी, म्हणजे प्रकाशाच्या झोताला डोळा देतो त्या विद्युत प्रतिसादाची नोंद. पिल्लांना रात्रभर पूर्ण अंधारात ठेवलं, सकाळी मंद लाल दिव्यात भूल दिली, बुबुळावर इलेक्ट्रोड. अंधारात हात चालवायला आता सवय झाली आहे, पण वायर सापडेपर्यंत जीव वरखाली होतोच.

मंद झोत आणि पडद्यावर ती रेषा : झोत वाढवला की आधी खाली जाणारी ए-लहर, मग उंच चढणारी बी-लहर. ए-लहर रॉडची. बी-लहर मुख्यतः बायपोलरची, म्हणजे माझ्या सिनॅप्सने निरोप पोचवल्याची पावती.

या सिनॅप्सची खुबी अशी की तो अंधारात जास्त काम करतो. अंधारात रॉड सतत ग्लुटामेट सोडत असतात, म्हणूनच रिबनची एवढी सोय. इतरत्र ग्लुटामेट समोरच्या पेशीला जागं करतं. इथे एमग्लुआर६ त्याला धरतो आणि आतल्या साखळीतून पेशीत आयन सोडणारी टीआरपीएम१ नावाची वाहिनी बंद ठेवतो. फोटॉन आला की रॉड गप्प होतो, ग्लुटामेट ओसरतं, वाहिनी उघडते आणि बायपोलर जागी होते. चिन्ह उलटं करायचं काम या एका बिंदूत होतं. पुढे रॉड-बायपोलर थेट गँग्लिऑनला भेटतही नाही. ती एटू अमाक्राइन नावाच्या पेशीमार्फत कोनच्या तयार वाटेवर चढते.

३ फेब्रुवारी

दुसऱ्या प्रयोगशाळेकडून नॉब उंदीर आले. प्रौढ नर, सहा. यांच्यात निक्टालोपिन या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं आहे. ते एक्स गुणसूत्रावर असल्याने नरात एकच प्रत, आणि तीच बिघडलेली.

आज ईआरजी. ए-लहर अगदी निरोगी. मग रेषा खालीच राहिली, बी-लहर नाहीच. दोनदा इलेक्ट्रोड बदलून पाहिला. सहाही उंदरांत तेच. माणसांत हेच जनुक बिघडलं तर जन्मजात रातांधळेपणा येतो, वयाबरोबर न वाढणारा. निक्टालोपिनचा हा संबंध २००० साली उलगडला. अशा बाळाचा रॉड प्रकाश टिपतो, पेशी मरत नाहीत, दृष्टिपटल तपासणीत ठीक दिसतं. अडतं ते फक्त पुढच्या पेशीपर्यंतच्या त्या फटीत. ही रेषा पाहताना त्या मुलांचा विचार मनातून जात नाही.

६ फेब्रुवारी

नॉबचे छेद. सहकाऱ्याने स्लाइडचे क्रमांक झाकून दिले, म्हणजे कोणता निरोगी आणि कोणता नॉब हे मला माहीत नव्हतं.

मला ओळखता आले नाहीत. कमानी आहेत, समोर एमग्लुआर६ चे बिंदू आहेत, आरसा उलटवून केलेली चाचणीही पार. माझ्या व्याख्येप्रमाणे नॉबचे सिनॅप्स ‘झालेले’ आहेत. आणि ईआरजीप्रमाणे एकही चालत नाही.

महिनाभर ज्याला मी सिनॅप्स म्हणून मोजत आले ती खरं तर फक्त मांडणी होती.

९ फेब्रुवारी

मॅडमशी लांब बसले. निक्टालोपिन नसेल तर टीआरपीएम१ पेशीत बनतं, पण टोकापर्यंत येऊन बसत नाही, हे २०११ पासून माहीत आहे. वाहिनीच नाही तर रिसेप्टर कोणाची उघडझाप करणार? आणि नुसत्या बायपोलरमध्ये निक्टालोपिन परत दिलं तर नॉबमध्ये बी-लहर परत येते, हे २००७ मध्ये दाखवून झालंय. म्हणजे बाकी सगळं खरंच जागेवर असतं, एका कडीची वाट बघत.

ठरवलं की मोजणीत तिसरा रंग घ्यायचा. रिबन, रिसेप्टर, वाहिनी, तिन्ही एका ठिकाणी असतील तरच मोजायचं. दिवस ८ पासूनचे सगळे छेद पुन्हा. उरलेले छेद उणे ८० ला ठेवलेत हे नशीब.

१२ फेब्रुवारी

तिसरी अँटिबॉडी प्रौढांवर तपासली. निरोगी डोळ्यात टोकांवर तिन्ही रंग एकत्र. नॉबमध्ये हिरवी कमान, लाल बिंदू आणि तिसऱ्या रंगाची जागा रिकामी; तो खाली पेशीच्या अंगातच अडकून राहिलेला. यावेळी झाकलेल्या स्लाइडही पहिल्याच नजरेत ओळखल्या.

१४ फेब्रुवारी

दिवस ११ च्या चार स्लाइड बाहेर काढल्या, तिन्ही अँटिबॉड्या लावून रात्रभर ४ अंशांवर ठेवल्या. मध्यभाग आणि कड वेगवेगळे मोजायचे. फिक्सिंग २० मिनिटं, चारही स्लाइडवर लिहिलं आहे. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाची वेळ उद्या सकाळी ९ ची.